नववी पुडी

दाराला आतून कडी नव्हती. मी दाराला पाठ लावून, दोन्ही पाय समोरच्या सिमेंटच्या ओट्याला रोवून बसले होते आणि बाहेरून वीस-पंचवीस माणसं दार ढकलत होती. विहिरीवरची मोटारीची खोली होती ती, दोन माणसं जेमतेम मावतील एवढी. आत आम्ही तिघं होतो. दाराखालच्या फटीतून काहीतरी ओलं आत आलं आणि माझ्या खाकी साडीला लागलं. मला वाटलं पाणी असेल. मग वास आला. डिझेल होतं.

"ओ बाई, बाहेर या," एक जाडा आवाज म्हणाला. "तुमचं आमचं काय भांडण नाय. त्या दोघांना द्या आमच्याकडं."

"आन् बाई नाय आल्या तर?" दुसऱ्यानं विचारलं.

"तर बाईंच्या फोटूला झेंडूचा हार घालू. मळ्यात काय कमी हाय का?"

दोघंतिघं हसले. ओरडणारा जमाव दमतो, त्याची मला एवढी भीती वाटत नाही. हसणाऱ्या जमावाची वाटते.

त्या दोघांतला एक पस्तिशीचा माणूस होता, डोळ्यांच्या गोळ्या विकणारा. त्याचा कान फाटून शर्टावर रक्त आलं होतं. दुसरी त्या मळ्यातलीच सून. तिच्या सासू-सासऱ्यांवर आणि पोरीवर सरकारी दवाखान्यात विषबाधेचे उपचार चालू होते. बाहेरचे म्हणत होते, याच्या गोळ्यांनी विष झालं, नाहीतर हिनं कालवलं. दोघांपैकी कोण, हे ठरवायला ते थांबणार नव्हते.

आता सुरुवातीपासून सांगते.

मी तेव्हा हवालदार होते. शिक्षण सातवी. नवरा पोलिसात होता, नोकरीत असताना वारला, म्हणून मला घेतलं. पुढे सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. दसरा होऊन आठवडा झाला होता. बंदोबस्तानं सगळं ठाणं थकलेलं होतं. सकाळी दवाखान्यातून फोन आला, ठाणे अंमलदारानं स्टेशन डायरीत नोंद घेतली : एका घरातले तिघे, विषबाधा, दोघी स्त्रिया. स्त्रिया म्हटल्यावर मला निघावंच लागलं. आमचे फौजदार साहेब नवे होते, वय सत्तावीस-अठ्ठावीस.

जीपमध्ये मी नोंद वाचायला कागद हातभर लांब धरला, तर ड्रायव्हर म्हणाला, "बाई, हात अजून लांब करा, नाहीतर मी पुढच्या चौकात धरून उभा राहतो." माझी नजर तेव्हापासूनच उतरली होती. हे सांगते, कारण पुढे त्याचा संबंध आहे.

दवाखान्यात साठीची म्हातारी बेशुद्ध होती. तोंडातून लाळ गळत होती, लुगडं घामानं भिजलेलं. शेजारी तिचा नवरा "अंधारलंय, दिवा लावा," असं पुटपुटत होता, आणि खिडकीतून ऊन त्याच्या तोंडावर येत होतं. पलीकडच्या खाटेवर सहा वर्षांची नात. तिचा चष्मा कुणीतरी उशाशी ठेवला होता. डॉक्टरीणबाईंनी तिची पापणी वर करून बॅटरी मारली.

"बाहुली बघा," त्या म्हणाल्या. "मोहरीएवढी झाली आहे. फवारणीच्या औषधानं असं होतं. उतारा सुरू केलाय, पण म्हातारीचं सांगता येत नाही."

"तुम्हाला लगेच कसं कळलं?" साहेबांनी विचारलं.

"त्या सुनेमुळे. आल्या आल्या माझ्या कानाशी येऊन म्हणाली, फवारणीचं औषध असंल. नाहीतर आमचा बराच वेळ गेला असता."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. तिला कसं माहीत?

सून बाहेर पायरीवर बसली होती. पंचवीस वर्षांची, पायाला चिखल, अंगात नवऱ्याचा जुना शर्ट साडीवरून घातलेला. नवरा फुलं घेऊन कल्याणला गेला होता, त्याचा पत्ता नव्हता. मी तिच्याजवळ बसले.

"काय खाल्लं रात्री?"

"भाकरी, मेथी. सगळ्यांनी तेच."

"मग तू बरी कशी?"

"मला काय माहीत नाय."

"डॉक्टरला फवारणीचं सांगितलंस. कुणी घातलं?"

"मला काय माहीत नाय."

पुढची दहा मिनिटं तेच. माझा अनुभव असा की खोटं बोलणारा माणूस फार बोलतो. काही लपवणारा एकच वाक्य धरून बसतो. ही लपवत होती. साहेब म्हणाले, "हिलाच ताब्यात घेऊ." भावकीतली एक बाई तिथंच उभी होती, तिनं री ओढली, "घ्याच. सासूबरोबर रोजची कटकट. बघा की, घरात ही तेवढी ठणठणीत!"

दुसरी म्हणाली, "आगं, उगं का तिच्या नावानं? तो गोळ्यावाला इसरली का? त्यानंच म्हातारीला बाटली दिली."

तिच्याकडून कळलं ते असं. अंबडच्या एका कारखान्यात कामाला असलेला, नाशिक रोडला राहणारा एक माणूस दर सुट्टीला स्कूटरवर मळ्यांमधून फिरायचा. डोळ्यांसाठी गोळ्या विकायचा. ल्युटीन असं त्या औषधाचं नाव. फुलापानांत जो पिवळा रंग असतो, त्यातला तो भाग, डोळ्याच्या पडद्याला जपतो म्हणे. म्हातारीनं त्याच्याकडून एक बाटली घेतली होती.

मी पुन्हा आत जाऊन तिन्ही खाटा पाहिल्या. म्हाताऱ्याला दिसत कमी. म्हातारीला सुईत दोरा ओवता येत नव्हता, असं शेजारीण म्हणाली. नातीला चष्मा. घरात डोळे चांगले एकटीचेच, सुनेचे. मी साहेबांना म्हटलं, "थांबा. जेवणात नाही हे. डोळ्यांच्या औषधात आहे."

सुनेला घेऊन आम्ही मळ्यावर गेलो. मळा शहराबाहेर, दिंडोरीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत. सात-आठ घरं, सगळी भावकी, सगळ्यांची फुलं आणि भाजी. दसऱ्याला न खपलेल्या झेंडूचे ढीग बांधावर कुजत होते. दोन पंच घेऊन पंचनामा सुरू केला. घरात विषारी औषध मिळालं नाही. गोळ्यांची बाटली शोधायला मात्र वेळ लागला नाही. ती देवघरात होती. तिच्यावर हळदकुंकू होतं, आणि झाकणाचं सील जसंच्या तसं.

मी बाटली उजेडात नेऊन, लांब धरून दोनदा पाहिली. सील फुटलेलं नव्हतं.

"ही उघडलीच नाही?" मी सुनेला विचारलं.

"धनतेरशीला उघडायची होती. आत्याबाई बाहेरून आणलेलं औषध आधी देवापुढं ठेवत्यात. चांगला दिवस बघून घेत्यात."

आत्याबाई म्हणजे तिची सासू. गोळ्या कुणी खाल्ल्याच नव्हत्या तर. साहेबांनी सुनेकडे असं पाहिलं की तिनं पदर तोंडात धरला. बाटली मुद्देमाल म्हणून पुड्यात बांधायला मी घेतली, एवढ्यात पलीकडच्या घरातून बाईचा ओरडा आला. तिथला म्हातारा ओटीवर पडला होता. लाळ, घाम, तेच सगळं. आणि हा वेगळ्या घरातला, वेगळ्या चुलीवर जेवणारा.

तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. एका घरात विष गेलं तर त्याचं कारण त्या घरात सापडतं. दोन घरांत गेलं म्हणजे ते हिंडतंय. अजून कुठं कुठं पोचलंय, कुणी सांगावं?

साहेब त्या म्हाताऱ्याला जीपमध्ये घालून, शिपायाला बरोबर घेऊन गेले. मला म्हणाले, "मी गाडी पाठवतो. तोवर सांभाळा." जीप वळणाआड गेली आणि दुसऱ्या वाटेनं स्कूटरचा आवाज आला. गोळ्यावाला. त्याच्या सुट्टीचा दिवस होता, त्याला काहीच माहीत नव्हतं. हसत हसत सुनेला म्हणाला, "काय आक्का, आज मळ्यात पोलीस?"

त्याला पहिला दगड बसला तेव्हाही तो अर्धा हसतच होता. नंतर कुणीतरी "ही बी सामील हाय" म्हणून सुनेचे केस धरले. मी काठी चालवली, दोघांना ओढलं आणि जी पहिली खोली दिसली तिच्यात ढकलून स्वतः दाराला पाठ लावली.

आता पुन्हा त्या खोलीत येते.

"काडी हाय का रे कुणाकडं?" बाहेरून आवाज आला.

मी गोळ्यावाल्याला म्हटलं, "म्हातारीला काय सांगितलंस तू? शब्दन् शब्द सांग."

"मॅडम, मी चष्मा उतरेल म्हणालो. सगळ्यांना म्हणतो तसं."

"अजून?"

"आजी विचारत होत्या, यात काय असतं. मी म्हटलं, आजी, तुमच्याच मळ्यातलं सोनं आहे. झेंडूपासूनच काढतात हे. तुम्ही फेकून देता आणि कंपनी बाटलीत भरते." तो रडायला लागला. "खरं आहे ते मॅडम, कागदावर लिहिलंय."

सुनेनं डोळे मिटले. मी ते पाहिलं. दार धरून बसलेल्या माणसाला पाय सरकवल्याशिवाय जमत नाही. मी पाय सरकवला तर कोपऱ्यातलं काहीतरी पत्र्याचं आडवं झालं. फवारणीचा पंप. नळीतून दोन थेंब पडले. मागं फळीवर औषधाचा डबा. घरात सापडलं नव्हतं, कारण ते घरात ठेवतच नव्हते.

"कधी मारलं हे?" मी विचारलं.

तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"पोरी, बाहेर डिझेल ओतलंय. तुझी मुलगी दवाखान्यात आहे. जळून मेलीस तर तिला कोण सांगणार, तू काही केलं नव्हतंस म्हणून? कधी मारलं?"

"दसरा झाल्यावर. अळी पडली व्हती. ह्यांनी डबल मारलं." तिचा आवाज अचानक सुटला. "दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी त्याच वाफ्यातली फुलं तोडली. पाकळ्या वाळवल्या, पाट्यावर वाटल्या. म्हणाल्या, कंपनी करती ते आपण घरीच करू. मी म्हटलं, आत्या, औषध मारलंय. तर म्हणाल्या, मला शिकवू नको, झेंडू काय इख हाय का, देवाला वाहतो आपण. मी एकदाच बोलले. दुसऱ्यांदा नाय बोलले. पोरीला देत्यात हे मला ठाव नव्हतं. गुपचूप दुधातून देत व्हत्या."

"मग सकाळी का नाही बोललीस?"

"डॉक्टरीणबाईला सांगितलं की जेवढं पाहिजे तेवढं. पोलिसात सासूचं नाव कसं घेऊ? त्या मरायला टेकल्यात, आन् मी म्हणू त्यांनीच घातलं?"

या लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय मला तिथं कळली. वांग्यावर, टोमॅटोवर औषध मारलं तर तोडायला किती दिवस थांबायचं हे त्यांना ठाऊक असतं. ते खायचं असतं. झेंडू कुणी खात नाही. म्हणून झेंडूवर आज मारायचं आणि उद्या तोडायचं. हारात गेला, तोरणात गेला, कुणाचं काय बिघडतं? आणि बाहेरून आणलेलं औषध देवापुढं थांबतं, घरात केलेलं थांबत नाही. ते सरळ तोंडात जातं.

"पलीकडच्या म्हाताऱ्याला कसं पोचलं?"

"त्यांनी पुड्या वाटल्या. ज्याला दिसत नाय त्याला."

माझ्या पाठीमागचं दार तेव्हा वीतभर आत आलं होतं. मी तोंड फटीकडे केलं आणि आयुष्यात ओरडले नसेन तेवढ्या जोरात ओरडले :

"म्हातारीनं कुणाकुणाच्या घरी पिवळी पुडी दिली? त्या पुडीत विष आहे! गोळीत नाही, पुडीत आहे!"

दारावरचा जोर कमी झाला नाही. "बाई थापा मारतीया," जाडा आवाज म्हणाला.

"थापा तर थापा. मला जाळा. पण तुझ्या घरात कुणाला दिसत नाही ते आधी सांग!"

मग एक बाई अगदी हळू म्हणाली, "आमच्या बाबांनी मघाशीच घेतली. दुधातून."

त्यानंतर जे झालं ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही. पळणाऱ्या पायांचा आवाज आला, आधी एकाचा, मग सगळ्यांचा. दार एकदम हलकं झालं. मी ते उघडलं तेव्हा बाहेर डिझेलचा डबा आडवा पडला होता आणि प्रत्येक माणूस आपापल्या घराकडे धावत होता. जाडा आवाज ज्याचा होता तो सगळ्यांत पुढे होता. त्याची आई आंधळी होत आली होती.

साहेब परत आले तेव्हा मी ओट्यावर पुड्या मांडून बसले होते. म्हातारीनं त्या नातीच्या शाळेच्या वहीच्या पानांत बांधल्या होत्या. बाराखडी लिहिलेली पानं. त्या घराबाहेरच्या तीन जणांनी खाल्लं होतं : ओटीवर पडलेला तो म्हातारा, त्या बाईचा बाप आणि जाड्या आवाजाची आई. शेवटच्या दोघांनाही लगेच दवाखान्यात पाठवलं. बाकी पुड्या जशाच्या तशा मिळाल्या. उघडलेल्या, न उघडलेल्या मिळून आठ. मी वही मागवली आणि शिवणीशी फाटलेल्या पानांची टोकं बोटानं मोजली, डोळ्यांवर माझा विश्वास नव्हता. नऊ होती.

सून म्हणाली, मळ्यात अजून कुठंच दिली नाही. म्हातारी बेशुद्ध. नववी पुडी कुठं होती हे जगात फक्त ती सांगू शकत होती. साहेब म्हणाले, "पान पोरीनंच फाडलं असेल बाई. होडी केली असेल." तसं असू शकलं असतं. पण मला बसवेना. मी दवाखान्यात गेले.

दुपार टळायच्या आत नात शुद्धीवर आली. उताऱ्याच्या औषधानं आता तिच्या बाहुल्या उलट केवढ्या मोठ्या झाल्या होत्या, डोळ्यांत काळं सोडून दुसरं काही दिसत नव्हतं. तोंड कोरडं पडलेलं. मी तिच्यापुढं वही धरली.

"आजीनं पानं फाडली ना गं तुझी?"

"मी रडले," ती म्हणाली. "आजी म्हणली, नवी वही घेऊ."

"एक पुडी कुणाला दिली? मळ्याच्या बाहेर?"

तिनं खूप वेळ विचार केला. मी तिला घाई केली नाही. मुलाला घाई केली की ते आपल्याला आवडेल ते उत्तर देतं.

"येवल्याच्या आजीला. ती साडी विणती. तिला रेशीम दिसत नाय."

म्हातारीची धाकटी बहीण. पैठणीच्या मागावर जन्म गेलेली. शेजारची बाई दोन दिवसांपूर्वी एसटीनं येवल्याला गेली होती, तिच्या पिशवीतून पुडी गेली. साहेबांनी बिनतारी संदेश दिला. मी ठाण्यातल्या बिनतारी खोलीच्या दाराशी उभी राहिले. अर्ध्या तासानं उलट संदेश आला, तो मी दोनदा म्हणवून घेतला. येवल्याच्या आजीनं पुडी देवापुढं ठेवली होती. तिच्यासाठी ती बाहेरून आलेली होती. ती धनतेरशीची वाट बघत होती.

बाटलीचा तपासणी अहवाल काही महिन्यांनी आला. गोळ्यांत घातक काही नव्हतं. चष्मा उतरेल हे त्या माणसाचं सांगणं खोटं होतं, पण खोटं बोलणाऱ्याला जाळायचं कलम कायद्यात नाही. म्हातारीच्या अकस्मात मृत्यूची नोंद झाली. जमावावर गुन्हा दाखल झाला, पुढे साक्षीला एकही जण उभा राहिला नाही, त्यात सूनही होती. मी तिला दोष दिला नाही. तिला त्याच भावकीत राहायचं होतं.

मी काय शिकले? सकाळी त्या पायरीवर मी तिला "कुणी घातलं" असं विचारलं. "कशातून गेलं" असं विचारलं असतं तर दुपारची वेळ आली नसती. गुन्हा आहे असं धरून विचारलं की निरपराध माणूस गप्प बसतो. नंतरच्या नोकरीत मी आधी ते विचारायची, काय झालं. कुणी केलं हे शेवटी. आणि त्या दाराशी मला शौर्यबिर्य काही सुचलं नव्हतं. मी घाबरले होते. आपल्यापेक्षा त्यांना जास्त घाबरवलं तरच आपण सुटू, एवढंच समजलं होतं.

पाट्यावर पाकळ्या वाटणारी म्हातारी तिसऱ्या दिवशी वारली. तिचा नवरा जगला, पण दिसत आधीपेक्षा कमी. मळ्यातले बाकीचे तिघं म्हातारे जगले. नात जगली. सून, गोळ्यावाला आणि मी, आम्हीही जगलो.